सातव्या मजल्यावरचा डास

अंगाला लावायच्या डासरोधक मलमांचा विचार या लेखांकात व्हायचा होता, परंतु तो एक आठवडा पुढे ढकलणे भाग आहे. कारण मुंबईच्या एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज मलमांची चर्चा अपुरी राहील. गटारे, डबकी आणि झाडी खाली जमिनीवर असताना सातव्या मजल्यावरच्या घरात हिवताप यावा कसा, असा तो प्रश्न आहे. डास जिन्याने किंवा लिफ्टमधून वर येतो हे खरे असले, तरी अनेकदा त्याला वर येण्याची गरजच नसते, कारण त्याचा जन्मच गच्चीवर झालेला असतो.

हिवतापाचा प्रसार करणाऱ्या अ‍ॅनोफिलीस कुळातील बहुतेक जाती भातखाचरे, ओढे, तळी अशा ग्रामीण पाणवठ्यांवर वाढतात. परंतु लिस्टन यांनी १९०१ मध्ये वर्णिलेली अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी ही जात शहराला सरावलेली असून, माणसाने बांधलेल्या विहिरी, हौद आणि टाक्या यांतील स्वच्छ, संथ पाण्यात ती अंडी घालते. घाण पाण्यात वाढणारा डास प्रामुख्याने क्युलेक्स कुळातील असतो, त्यामुळे नाले स्वच्छ केल्याने रात्रीची भुणभुण कमी झाली तरी हिवताप कमी होईलच असे नाही. हा भेद सामान्य नागरिकाच्या फारसा ध्यानात येत नाही, आणि सारी शक्ती धूरफवारणीची मागणी करण्यात खर्च होते.

मुंबईत ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाली होती. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातील हिवतापाच्या कारणांवर १९११ मध्ये जो अहवाल दिला, त्यात दोष दलदलीपेक्षा विहिरींकडे जातो असे दाखवून विहिरी बंद करण्याची शिफारस केली होती. विहार तलावाचे पाणी १८६० पासून नळाने येत असल्यामुळे हा उपाय कागदावर सोपा वाटत होता. परंतु विहीर ही अनेक पारशी आणि हिंदू कुटुंबांच्या दृष्टीने पूजेची जागा होती व तिचे तोंड बुजवणे त्यांना मान्य होणारे नव्हते. या वादाचा एक अनपेक्षित लाभ असा, की पालिकेचे चिटणीस रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुतींचा अभ्यास करून १९१८ मध्ये त्यावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. आरोग्यखात्याच्या हुकमांतून लोकसंस्कृतीचे पुस्तक निर्माण होण्याची अशी उदाहरणे विरळाच.

पुढे विहिरींचे महत्त्व ओसरले आणि त्यांची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली. डासाच्या दृष्टीने हा बदल नाममात्रच होता. टाकीचे झाकण घट्ट बसणारे असावे, जादा पाणी वाहून जाणाऱ्या नळीच्या तोंडाला दीड मिलिमीटरहून मोठी छिद्रे नसलेली जाळी असावी, आणि टाकीपर्यंत पोहोचणारी शिडी धड असावी, एवढ्याच अपेक्षा आहेत. शिडीचा उल्लेख क्षुल्लक वाटेल, पण जेथे चढता येत नाही तेथे तपासणीही होत नाही. अंड्यापासून पूर्ण डास होण्यास उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याच्या सल्ल्याला शास्त्रीय आधार आहे. मात्र घरातील पिंप नुसते उपडे करून भागत नाही, ते आतून घासावे लागते, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची कडेला चिकटलेली अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात. मुळात दक्षिण आणि पश्चिम आशियातील असलेला स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला, आणि तेथील शहरांपुढेही आता टाक्या झाकण्याचाच प्रश्न उभा आहे.

हा डास प्रामुख्याने सायंकाळनंतर व रात्री चावत असल्यामुळे मच्छरदाणीला पर्याय नाही. मलमांचे गुणदोष पुढील आठवड्यात पाहू. तोपर्यंत वाचकांनी आपल्या सोसायटीत एवढेच विचारावे, की टाकीचे झाकण शेवटचे कधी व कोणी तपासले.