गोठणगावच्या वाटेवरचे लहान देश

ब्रह्मपुरीहून गोंदियाकडे निघालेली गाडी वैनगंगा ओलांडते, वडशाला थांबते आणि अर्जुनी मोरगावकडे निघते. एवढ्याशा प्रवासात चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदिया अशा तीन जिल्ह्यांतून जाणं होतं. खिडकीबाहेर तीच आपली झाडीपट्टी: धानाच्या बांध्या, बोड्या, मोह, पळस. अर्जुनीला उतरून गोठणगावचा रस्ता धरला की इटियाडोह धरणाच्या परिसरात एक वस्ती लागते. निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या आणि पिवळ्या प्रार्थना-पताका तिथे विदर्भाच्या उन्हात फडफडत असतात. आजूबाजूच्या गावांसाठी हा ‘तिबेटी कॅम्प’. कागदोपत्री नाव नॉर्ग्येलिंग. १९७२ साली वसलेली ही महाराष्ट्रातली एकमेव तिबेटी वसाहत. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात ही वसाहत अजूनही ‘भंडारा’च आहे.

पताका आणि मठ पाहून पर्यटक हरखतात. खरं नवल मात्र डोळ्यांना दिसत नाही. इथल्या प्रौढ तिबेटी माणसाला एका अशा सरकारसाठी मत देता येतं, ज्याच्या ताब्यात एक एकरही देश नाही. हिमाचलातल्या धर्मशाळेहून चालणाऱ्या या केंद्रीय तिबेटी प्रशासनाची ४५ सदस्यांची संसद आहे. तिबेटच्या तीन पारंपरिक प्रांतांचे प्रत्येकी दहा, पाच धर्मपरंपरांचे प्रत्येकी दोन आणि उरलेले पाच परदेशी स्थायिक झालेल्यांचे, अशी तिची रचना. सर्वोच्च राजकीय नेत्याला सिक्योंग म्हणतात. २०११ साली दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार सोडून ते निवडून आलेल्या नेतृत्वाकडे दिले. ११ एप्रिल २०२१ रोजी जगभरातल्या तिबेटींनी सिक्योंगपदासाठी मतदान केलं आणि पेन्पा त्सेरिंग निवडून आले. या प्रशासनाचा आंतरराष्ट्रीय संबंधांचा स्वतंत्र विभाग आहे आणि दिल्ली, जिनिव्हा, ब्रसेल्स, टोकियो, वॉशिंग्टन अशा शहरांत प्रतिनिधींची कार्यालयं आहेत. याचा अर्थ, धानपट्ट्यातल्या या वस्तीत जगातल्या सर्वांत लहान देशाच्या, म्हणजे जमीनच नसलेल्या देशाच्या, परराष्ट्र धोरणाचे मतदार राहतात.

मग प्रश्न पडतो: ज्यांच्याकडे जमीन नाही, सैन्य नाही आणि संयुक्त राष्ट्रांत खुर्चीही नाही, त्यांची बाजू जगासमोर मांडली कोणी? इथून पुढची गोष्ट नकाशावर शोधाव्या लागणाऱ्या देशांची आहे.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटमध्ये घुसलं. नोव्हेंबरमध्ये तिबेट सरकारने कालिम्पोंगहून संयुक्त राष्ट्रांकडे तार पाठवून दाद मागितली. अमेरिका, ब्रिटन, भारत यांच्यापैकी कोणीही हा विषय पुढे रेटायला तयार नव्हतं. तो उचलला एल साल्वादोरने. मध्य अमेरिकेतला हा देश जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटरचा. आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे एकत्र केले तर पंचवीस हजारांच्या वर जातात. म्हणजे आपल्या दोन वनजिल्ह्यांहूनही लहान असलेल्या, तिबेटशी ना सीमा ना व्यापार असलेल्या देशाने महासभेला सांगितलं की या आक्रमणाची चर्चा झाली पाहिजे.

२४ नोव्हेंबर १९५० रोजी महासभेच्या समितीसमोर विषय आला तेव्हा भारताच्या वतीने बोलायला उभे राहिले नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नाव वेगळ्या कारणाने ओळखीचं असेल. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटून आलेल्या पोलिश मुलांना त्यांनी जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला होता. त्याच काळात हजारो पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहत होते. निर्वासितांसाठी दार उघडणाऱ्या त्याच राजाला त्या दिवशी दिल्लीची भूमिका मांडावी लागली: प्रश्न शांततेने सुटण्याची आशा आहे, तेव्हा चर्चा पुढे ढकलावी. ती पुढे ढकलली गेली. माणूस एकच असला, तरी राजा म्हणून त्याला जे करता आलं, ते मोठ्या देशाचा प्रतिनिधी म्हणून करता आलं नाही. शेजारी बलाढ्य असला आणि त्याच्याशी लांबलचक सीमा असली की एकेक शब्द तोलून बोलावा लागतो. एल साल्वादोरला ही अडचण नव्हती.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा ३१ मार्चला भारतात पोहोचले. त्यांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत तिबेटचा ठराव मांडला आयर्लंड आणि मलाया या दोघांनी. आयर्लंड अख्ख्या विदर्भापेक्षा लहान. १९५५ साली तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. त्याचे परराष्ट्रमंत्री फ्रँक एकन तरुणपणी ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र घेऊन लढलेले. मलायाला स्वतंत्र होऊन तर दोनच वर्षं झाली होती. ज्यांनी दुसऱ्याची सत्ता अंगावर सोसली होती, त्यांना तिबेटचं दुखणं समजावून सांगावं लागलं नाही. ठरावात तिबेटी लोकांच्या मूलभूत मानवी हक्कांचा आणि त्यांच्या वेगळ्या सांस्कृतिक व धार्मिक जीवनाचा आदर राखण्याची मागणी होती. बाजूने ४५, विरोधात ९ आणि तटस्थ २६. तटस्थांत भारतही होता.

त्या ठरावाची तारीख होती २१ ऑक्टोबर १९५९. गडचिरोलीतल्या कुठल्याही पोलीस कुटुंबाला ही तारीख पाठ असते. त्याच तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैनिकांच्या गोळीबारात भारताचे दहा पोलीस जवान शहीद झाले आणि तेव्हापासून २१ ऑक्टोबर देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. एकीकडे भारत सीमेवर रक्त सांडत होता आणि दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये हात वर न करता बसला होता. ठरावाने प्रश्न सुटणार नाही, तेढ मात्र वाढेल, असा दिल्लीचा हिशेब होता.

लहान देशांनी विषय सोडला नाही. १९६१ च्या ठरावात तर तिबेटींच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आला. तो ५६ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला आणि मांडणाऱ्यांत पुन्हा आयर्लंड, मलाया आणि एल साल्वादोर होतेच. १९६५ च्या ठरावामागे माल्टाही होता, अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरचा आणि आदल्याच वर्षी स्वतंत्र झालेला. या वेळी भारताने बाजूने मत दिलं. १९६२ च्या युद्धाने दिल्लीचा हिशेब बदलला होता. महासभेत भारताची बाजू मांडली महाराष्ट्राच्या राजकारणातले डॉ. रफीक झकारिया यांनी. आपण ज्या निर्णयापर्यंत यायला पंधरा वर्षं घेतली, तिथे एल साल्वादोर १९५० सालीच उभा होता.

लहान देश हे सगळं का करतात? चांगुलपणा हे एक कारण झालं, पण तेवढंच नाही. मोठ्या देशाचं रक्षण त्याचं सैन्य करतं. लहान देशाला रक्षणासाठी मुख्य आधार असतो नियमांचा: सीमा ओलांडू नये, कैद्यांना छळू नये, निर्वासितांना हाकलू नये. हे नियम दूर हिमालयात मोडले गेले आणि कोणी हूं की चूं केलं नाही, तर उद्या ते आपल्या दारातही मोडले जातील, हे लहान देशाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून दुसऱ्याच्या न्यायासाठी बोलणं हा त्याच्या स्वतःच्या संरक्षणाचाच भाग असतो. शिवाय मध्यस्थ म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवणं सोपं जातं, कारण तो कुणाचा मुलूख गिळेल अशी भीती नसते.

स्वित्झर्लंडने यातला वेगळाच मार्ग धरला. रेड क्रॉसचं माहेर असलेला हा देश २००२ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचा सदस्यच नव्हता, त्यामुळे तिबेटवर मत देण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने दार उघडलं. १९६३ साली स्विस सरकारने एक हजार तिबेटी निर्वासितांना घ्यायचं ठरवलं. त्यातल्या काहींना रिकोन नावाच्या गावात कुन कुटुंबाच्या भांड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. म्हणजे याकच्या कळपांमागे फिरणारी माणसं प्रेशर कुकर बनवू लागली. त्यांना धर्म आणि भाषा टिकवता यावी म्हणून त्याच गावात १९६८ साली तिबेटी मठसंस्थेचं उद्घाटन झालं. पुढे २००२ ते २०१० दरम्यान दलाई लामांचे दूत आणि चीन सरकार यांच्यात चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. त्यातली चौथी फेरी २००५ साली स्वित्झर्लंडमध्ये, बर्न शहरात झाली.

नॉर्वे हे मध्यस्थीच्या कलेतलं सर्वांत मोठं नाव. लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, म्हणजे नागपूर जिल्ह्यापेक्षा फार जास्त नाही. पण १९९३ चा इस्रायल-पॅलेस्टाइन करार ओस्लोतल्या गुप्त चर्चेतून निघाला. २००२ साली श्रीलंकेचं सरकार आणि तमिळ वाघ यांच्यात शस्त्रसंधी घडवून आणला तो नॉर्वेने. कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यात २०१६ साली करार झाला, त्यात क्युबाबरोबर नॉर्वे हमीदार देश होता. सगळंच टिकलं असं नाही. श्रीलंकेतला शस्त्रसंधी कोसळला आणि २००९ साली युद्ध फार भयानक रीतीने संपलं. तरी बोलणी करायची म्हटलं की जग अजूनही ओस्लोकडे वळतं. तिबेटच्या बाबतीतही १९८९ चं नोबेल शांतता पारितोषिक दलाई लामांना मिळालं ते ओस्लोत, आणि ‘व्हॉइस ऑफ तिबेट’ हे रेडिओ केंद्र १९९६ साली सुरू झालं तेही नॉर्वेतूनच.

या धोरणाची किंमतही नॉर्वेनेच सर्वांत जास्त मोजली. २०१० साली चिनी लेखक आणि राजकीय कैदी लिऊ शियाओबो यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. पारितोषिक समिती सरकारपासून स्वतंत्र असते, पण तिचे सदस्य संसद नेमते. चीनने एवढं निमित्त धरलं. सहा वर्षं राजनैतिक संबंध गोठले, नॉर्वेच्या सॅमन माशांच्या निर्यातीलाही झळ बसली. २०१४ साली, आपल्या नोबेलच्या पंचविसाव्या वर्षी, दलाई लामा ओस्लोला आले, तेव्हा पंतप्रधान आणि मंत्र्यांनी त्यांची भेट घेतली नाही. ज्या शहराने सन्मान केला, त्याच शहरातल्या सरकारने तोंड फिरवलं. डिसेंबर २०१६ मध्ये संबंध सुरळीत झाले, तेव्हा चीनच्या ‘मूलभूत हितसंबंधां’चा आदर करण्याचं आश्वासन नॉर्वेला लिहून द्यावं लागलं. लहान देशाच्या धैर्यालाही कुंपण असतं आणि ते बहुधा बाजारपेठेचं असतं.

ऑक्टोबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली चीनची खुर्ची बीजिंगला मिळाली. त्यानंतर महासभेत तिबेटवर एकही ठराव झालेला नाही. न्यूयॉर्कमधलं ते दार बंद झालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी गोठणगावजवळ ही वसाहत उभी राहिली. दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण त्या शेजारी ठेवल्या की शांततेच्या कामाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. एक काम बोलण्याचं: अन्याय झाला हे जगाच्या कागदावर नोंदवायचं. ते लहान देशांनी केलं. दुसरं काम जागा देण्याचं: विस्थापित माणसाच्या पायाखाली जमीन ठेवायची, त्याच्या पोरांना शाळा द्यायची. ते सर्वाधिक केलं भारताने, तेही १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही न करता. बैलकुप्पे, मैनपाट, चंद्रगिरी इथे तिबेटी वसाहती उभ्या राहिल्या आणि मग आपल्या झाडीपट्टीत नॉर्ग्येलिंग. ज्या देशाने महासभेत दोनदा तटस्थ राहून तोंड बंद ठेवलं, त्यानेच सर्वांत जास्त तिबेटी लोकांना घर दिलं. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची गावं आहेत, हे लक्षात घेतलं तर आपला हा वनप्रदेश परराष्ट्र धोरणाच्या बातम्यांपासून दूर मुळीच नाही. त्या धोरणाचे परिणाम इथल्या बांध्यांत धान पिकवत आहेत.

तिबेटी प्रशासन आज स्वातंत्र्य मागत नाही. चीनच्या चौकटीत खरी स्वायत्तता हवी, ही त्याची मध्यममार्गाची भूमिका आहे. २००८ साली त्याने तसा सविस्तर मसुदा चीनकडे दिला. चीनने तो फेटाळला. जानेवारी २०१० नंतर औपचारिक चर्चेची एकही फेरी झालेली नाही.

नवेगावबांध किंवा इटियाडोह पाहायला जाल तेव्हा गोठणगावच्या वस्तीतही थोडं थांबा. पताकांचे फोटो काढा, पण तिथल्या माणसांशी त्यांच्या निवडणुकीबद्दलही बोला. जमीन नसताना लोकशाही कशी चालवतात, हे विचारायला आपल्याला धर्मशाळेला किंवा जिनिव्हाला जायची गरज नाही. ते सांगणारी माणसं वडशापासून फार लांब नाहीत.