सतराचा पाना

मोटरसायकलचं ऑइल बदलायला अर्धा तास लागतो. मला ते करायला वयाची चोपन्न वर्षं लागली. याला कारण माझा धाकटा भाऊ. मिरजेत त्याचं गॅरेज होतं, आणि घरातच फिटर असला की बाकीच्यांचे हात कोरेच राहतात. माझी गाडी २००३ सालची स्प्लेंडर. टाकीवर अजून ‘हीरो होंडा’ लिहिलेलं आहे; ते जोडनाव २०११ मध्ये सुटलं. गाडी त्याच्या दारात लावायची, चहा प्यायचा, वर्तमानपत्र चाळायचं आणि चावी घेऊन निघायचं, एवढंच माझं यंत्रज्ञान.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, गॅरेज बंद झालं. माझी गाडी परक्या हातात जाऊ लागली. एका ठिकाणी ऑइल बदलल्याचे पैसे देऊन घरी आलो. भाऊ अंगणात खुर्चीवर बसला होता. म्हणाला, “पट्टी काढून दाखवा.” इंजिनच्या उजव्या बाजूला ऑइल भरायचं झाकण असतं, त्यालाच ऑइल मापायची पट्टी असते. ती काढून पांढऱ्या चिंधीवर पुसली. चिंधीवर शाई सांडल्यासारखा डाग पडला. नवं ऑइल मधासारखं दिसतं. ते दोन किलोमीटरमध्ये एवढं काळं होत नाही. भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “भाई, पुढच्या रविवारी तुम्हीच करा. मी सांगतो.”

आमच्या घरात दखनी बोलतात, पण गॅरेजची भाषा मराठी. त्यामुळे त्याचा हा वर्ग मराठीतच भरला.

ऑइल कशासाठी, ते आधी सांगतो. माझ्या लहानपणी बैलगाडीच्या कण्याला वंगण घालत. चाक कुरकुरलं की गाडीवान उतरायचा. मोटरसायकलचं इंजिन असं वेळेवर कुरकुरत नाही. आत पिस्टन सिलिंडरमध्ये मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो, आणि धातू धातूला लागू नये म्हणून मध्ये असतो तो ऑइलचा फक्त एक पातळ थर. या गाड्यांमध्ये तेच ऑइल गिअरला आणि क्लचच्या प्लेटांनाही पुरवलं जातं. म्हणून मोटारीचं उरलेलं ऑइल यात ओतू नये. काही मोटारींच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ ही अक्षरं शोधायची. ती ओल्या क्लचच्या दुचाकींसाठी असतात. माझ्या गाडीला १०डब्ल्यू३० लागतं. यातला डब्ल्यू थंडीचा. पहिला आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं ते.

ऑइल काळं होतं ते मात्र वाईट म्हणून नव्हे. जळण्यातून येणारी काजळी, धातूचा चुरा, पेट्रोलचा अंश हे सगळं ते स्वतःत धरून ठेवतं, इंजिनला चिकटू देत नाही. पण धरून ठेवण्यालाही मर्यादा आहे. नव्या गाडीचं पहिलं ऑइल तर लवकरच बदलतात, बहुतेक कंपन्या पाचशे ते साडेसातशे किलोमीटरला सांगतात. नवे भाग एकमेकांवर घासून बसत असतात, त्यामुळे त्या पहिल्या ऑइलमध्ये चांदीच्या वर्खासारखी चमक दिसते. पुढचा हिशेब गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका आपण विम्याच्या कागदांबरोबर ठेवून देतो आणि मग कोपऱ्यावरच्या माणसाला विचारतो.

मी हे अनुभवाने सांगतोय. २००७ साली कोल्हापूरहून कवितावाचन करून परतताना हातकणंगलेजवळ माझी गाडी एकदम जखडली. मागचं चाक फरफटलं. पडलो नाही, एवढंच नशीब. कित्येक महिने मी ती पट्टी बघितलीच नव्हती, आणि गडबडीत भावाकडे गाडी नेणंही राहिलं होतं. याच कंपनीची ऐंशीच्या दशकातली जाहिरात होती, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. ती बोलत होती पेट्रोलबद्दल. आमच्यासारख्यांनी ती ऑइललाही लावून टाकली. भावाने इंजिन खोललं, तेव्हा पिस्टनवर नखांनी ओरबाडल्यासारखे उभे चरे होते. बोअर करून नवा पिस्टन घालावा लागला. मला तो एक शब्द बोलला नाही. जुना पिस्टन धुऊन त्याने माझ्या लिहायच्या टेबलावर आणून ठेवला. अजून कागद उडू नयेत म्हणून तोच असतो.

तर, तो रविवार. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावली. दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवलं, मग बंद करून थोडं थांबलो. कोमट ऑइल पातळ होतं आणि गाळ घेऊन बाहेर येतं. फार तापलेलं मात्र हात भाजतं, आणि सायलेन्सर तर शेजारीच असतो. खाली जुनी परात ठेवली, जी आमच्या घरात आता परात म्हणून ओळखली जात नाही.

इंजिनच्या तळाशी एक बोल्ट असतो. त्याला सतराचा पाना लागतो. रिंग पाना घ्यावा, उघड्या तोंडाचा घसरतो आणि बोल्टचे कोपरे झिजतात. इथेच नवशिका फसतो. बोल्टचं डोकं जमिनीकडे असतं आणि आपण वरून वाकून बघत असतो, त्यामुळे डावं-उजवं उलटं होतं. मी पाना लावला, फिरवला, आणि भाऊ ओरडला, “थांबा! आवळताय!” बोल्ट पोलादी, पण इंजिनची खोळ अॅल्युमिनियमची. चुकीच्या बाजूला जोर पडला की मऊ धातूचे आटे निघून येतात, आणि मग वीस रुपयांच्या कामाला लेथवाल्याकडे जावं लागतं. त्याने सांगितलेली युक्ती सोपी आहे. आपण गाडीच्या खाली निजलोय आणि बोल्टच्या डोक्याकडे बघतोय, असं समजायचं. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवलं की सुटतो. मी विश्वास न ठेवता खरोखरच जमिनीवर आडवा झालो. शेजारच्या पोरांना त्या दिवशी भरपूर करमणूक मिळाली.

शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवायचे. बोल्ट परातीत पडतोच, त्याच्याबरोबर चकतीही. ती ‘वायसर’ नवी घालावी, काही रुपयांची असते. जुनी चेपलेली असते आणि थेंब थेंब गळते. ऑइल निथळायला दहा मिनिटं द्यायची. मग बोल्ट आधी हाताने, अगदी शेवटपर्यंत, आणि शेवटचा ताण पान्याने. “पानाच्या टोकाला धरून लटकू नका,” भाऊ म्हणाला. “मनगटाने आवळा, खांद्याने नको.” हे तो स्वतःचं डावं मनगट वळवून दाखवत होता.

या गाड्यांसाठी ९०० मिलिलिटरचा डबा मिळतो. सगळा एकदम न ओतता थोडा राखून ठेवला. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवलं, बंद केलं, थांबलो, मग पट्टी पुसून बघितली. माझ्या गाडीत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. काही गाड्यांत पद्धत वेगळी, काहींत काचेची खिडकीच असते. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. जास्त भरलं तर चांगलं, असं काही नाही. त्याला फेस येतो आणि इंजिन जड चालतं.

परातीतलं काळं ऑइल गटारात ओतू नये, मातीतही नाही. वाळवीसाठी लाकडाला फासायची आपल्याकडे रीत आहे, तीही सोडलेली बरी. सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. मी ते रिकाम्या डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात दिलं. ते पुढे शुद्ध करणाऱ्यांकडे जाऊ शकतं.

बाकीची कामं मग चढत्या उत्साहात झाली. हवेची जाळी झटकली. टायरची हवा गाडी थंड असताना बघावी. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाला बरीच जास्त लागते. चेन मात्र नीट बघावी. स्प्लेंडरची चेन पूर्ण झाकलेली, पण झाकणाला रबरी बूच असतं. ते काढून बोटाने चेन वर-खाली करायची, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. फार ताठही नको. चाक मागे ओढताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या, आणि नंतर मागचा ब्रेक पुन्हा बघायचा, कारण चाक सरकलं की तो बदलतो. आणि इंजिन चालू ठेवून चेन पुसायची नाही. भावाच्या गॅरेजमध्ये एका पोराचं बोट त्यात गेलं होतं. हे सांगताना तो पहिल्यांदा रागावल्यासारखा दिसला.

काम संपलं तेव्हा दुपारची अजान होत होती. अर्ध्या तासाच्या कामाला तीन तास लागले होते. हात साबणाने निघेनात, मग साखर आणि गोडं तेल लावून चोळले, हीही त्याचीच युक्ती. मी किक मारली. भाऊ डोळे मिटून, मान कलती करून ऐकत राहिला. शाबासकी मिळेल म्हणून मी उभा होतो.

“टॅपेट वाजतंय,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी दहाचा पाना घेऊन या.”