हिशेबाच्या यंत्राला शिस्त लावणारा गृहस्थ

आज दुकानात संगणकावर बिल निघते, जीएसटीचा भरणा होतो, गोदामात किती ताके शिल्लक आहेत ते पडद्यावर दिसते. पण व्यापाराचा हिशेब यंत्राकडून करून घेण्याचे काम जगात प्रथम कोणी केले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. हे काम कोणा शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत झाले नाही. ते झाले लंडनमध्ये चहा, पाव आणि केक विकणाऱ्या एका कंपनीत. आणि ते करणाऱ्यांत पुढे होते डेव्हिड कॅमिनर. 19 जून 2008 रोजी वयाच्या 92 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या माणसाच्या आयुष्यात व्यापारी आणि कारागीर बांधवांनी घेण्यासारखे बरेच आहे.

कॅमिनर यांचा जन्म 1915 साली लंडनच्या पूर्व भागात झाला. ती मेहनत-मजुरी करणाऱ्यांची वस्ती होती. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले, तेव्हा हे अगदी लहान होते. आईने दुसरे लग्न केले आणि मुलाला सावत्र वडिलांचे आडनाव मिळाले. 1936 साली ते जे. लायन्स अँड कंपनीत उमेदवार म्हणून नोकरीला लागले. ही कंपनी चहाची दुकाने आणि मोठमोठ्या बेकऱ्या चालवत असे. तिचे हिशेब लिहायला कारकुनांची फौजच होती.

मग दुसरे महायुद्ध आले. 1943 साली ट्युनिशियातील मारेथच्या लढाईत कॅमिनर यांचा एक पाय गेला. एखादा माणूस नशिबाला दोष देत घरी बसला असता. ते पुन्हा लायन्समध्ये कामावर हजर झाले. 1945 साली जॅकी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मुलेबाळे झाली, आणि ही साथ शेवटपर्यंत टिकली.

लायन्सचे कारभारी दूरदृष्टीचे होते. 1947 साली त्यांनी दोन अधिकारी अमेरिकेला पाठवले. तिकडे गेल्यावर त्यांना कळले की आपल्याच केंब्रिज विद्यापीठात संगणक तयार होत आहे. कंपनीने विद्यापीठाला 3000 पौंडांची मदत केली आणि त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव ‘लिओ’. त्यात सुमारे 6000 व्हॉल्व्ह होते आणि ते ठेवायला मोठे दालन लागत असे. नोव्हेंबर 1951 मध्ये या यंत्राने बेकरीतील मालाच्या किमतीचा आठवड्याचा हिशेब केला. व्यापारी कामासाठी संगणक रोजच्या वापरात आला तो येथून.

यंत्र बांधले इंजिनिअरांनी, पण त्याने काय आणि कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची जबाबदारी कॅमिनर यांच्यावर होती. यालाच आपण आज प्रोग्रॅमिंग म्हणतो. त्यांची रीत आपल्याला लगेच समजेल. आधी प्रत्यक्ष काम पाहायचे. माल कुठून येतो, कागद कोणाच्या हातातून जातो, चूक कुठे होते, हे विचारायचे. मग सारे काम पायरीपायरीने कागदावर मांडायचे. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासल्याशिवाय यंत्रावर चढवायचा नाही. बेरजेचा ताळा जुळलाच पाहिजे. हाताखालची माणसे त्यांना वचकून असत, पण त्यांच्याकडून शिकून तयारही होत.

खरी कसोटी होती पगाराच्या हिशेबाची. पावाच्या किमतीत थोडी चूक झाली तर पुढच्या आठवड्यात दुरुस्त करता येते. मजुराच्या हातात कमी पैसे पडले तर त्या रात्री त्याच्या घरच्या चुलीवर परिणाम होतो. आपल्याकडे यंत्रमागावर आठवड्याचा हप्ता वाटणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून लायन्समध्ये घाई केली नाही. जुन्या पद्धतीचा हिशेब आणि यंत्राचा हिशेब बरोबरीने चालवून मेळ पाहिला, आणि खात्री पटल्यावरच 1954 च्या सुमारास पगार यंत्रावर सोपवला. अनुभवी कारकुनाला एका कामगाराचा पगार काढायला 8 मिनिटे लागत, यंत्राला दीड सेकंद.

त्यानंतर चहाच्या दुकानांचा माल आला. प्रत्येक दुकानाची रोजची ठराविक मागणी यंत्राजवळ नोंदलेली असे. दुकान सांभाळणारी बाई फोनवरून फक्त फरक कळवी: आज एवढे जास्त, एवढे कमी. त्यावरून कोणत्या दुकानात काय पाठवायचे याची यादी तयार होई. शिळा माल उरू नये आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये, हा प्रत्येक दुकानदाराचा रोजचा प्रश्न त्यांनी असा सोडवला.

पुढे लिओची स्वतंत्र कंपनी झाली, 1963 साली ती दुसऱ्या कंपनीत मिसळली. अमेरिकन कंपन्या पुढे निघून गेल्या आणि लिओचे नाव मागे पडले. कॅमिनर मात्र काम करीत राहिले. निवृत्तीच्या सुमारास, 1980 साली त्यांना ब्रिटिश सरकारचा ओ.बी.ई. हा किताब मिळाला. म्हातारपणी त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना एकत्र करून लिओच्या इतिहासाचे पुस्तक संपादित केले. त्यांची मुलगीही पुढे लिओच्या आठवणी जतन करण्याच्या कामात सहभागी झाली. बापाने काय केले याची कदर घरात होती, ही त्यांची मोठी कमाई म्हणावी लागेल.

आपल्यातले पुष्कळ जण संगणक आणतात आणि आता सारे आपोआप ठीक होईल असे समजतात. वर्षअखेरीला उधारीचा मेळ बसत नाही, मग यंत्राला बोल लावतात. ज्याची वही गोंधळाची, त्याचा संगणकही गोंधळाचाच. आधी काम नीट समजून घ्या, ताळा जुळवा, दुसऱ्याकडून तपासून घ्या, आणि जिथे मजुराच्या पोटाचा प्रश्न आहे तिथे खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक पाय गमावलेल्या या माणसाने सत्तर वर्षांपूर्वी घालून दिलेली ही शिस्त आजही प्रत्येक पेढीवर तितकीच लागू आहे.