मुख्यार्थबाध आणि बालवाचक : लाक्षणिक अर्थाच्या अध्यापनाचा विचार

१.

शालेय मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे. 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे' म्हणजे खोटी स्तुती करून एखाद्याला फुगवणे, हे उत्तर विद्यार्थी पाठ करतो, लिहितो आणि गुणही मिळवतो. मात्र झाड हरभऱ्याचेच का, चिंचेचे किंवा वडाचे का नाही, असे त्याला विचारले तर तो बहुधा निरुत्तर होतो. याउलट एखादा मुलगा 'एवढ्याशा झाडावर माणूस चढेल कसा?' असे विचारून बसतो, तेव्हा वर्ग हसतो आणि 'शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो' एवढे सांगून त्याला गप्प केले जाते. वस्तुतः या दोघांपैकी लाक्षणिक अर्थाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकले आहे ते दुसऱ्या मुलाने. पहिला त्या वाटेला गेलेलाच नाही.

हे विधान वरवर पाहता विपरीत वाटेल. परंतु भारतीय साहित्यशास्त्रातील लक्षणाविचार आणि बालकांच्या भाषाविकासाविषयीचे विसाव्या शतकातील संशोधन एकत्र ठेवून पाहिल्यास त्याची यथार्थता ध्यानात येते.

२.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या दुसऱ्या उल्लासात लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा योग म्हणजे संबंध, आणि रूढी अथवा प्रयोजन यांपैकी एकाचा आधार. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, हे शास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण घेतले तर प्रवाहावर वस्ती असणे संभवत नाही, हा बाध. प्रवाह आणि तीर यांचे सामीप्य, हा योग. तीरावरील वस्तीच्या ठिकाणी शैत्य व पावित्र्य सुचवणे, हे प्रयोजन.

पदव्युत्तर वर्गात हे त्रिक लक्षणेचे लक्षण म्हणून शिकवले जाते. त्यात आकलनाचा एक क्रमही अनुस्यूत आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. मुख्यार्थ कळलेलाच नसेल तर त्याचा बाध होणार नाही. बाध जाणवला नाही तर दुसरा अर्थ शोधण्याची गरज उत्पन्न होणार नाही. म्हणजेच वाच्यार्थ हा लक्ष्यार्थाचा शत्रू नसून त्याचा उंबरठा आहे. हरभऱ्याचे झाड माणसाला पेलणार नाही, हे ज्याच्या लक्षात आले त्यालाच तेथे बाध झाला. अर्थाची यादी पाठ करणाऱ्यापुढे मुख्यार्थ कधी उभाच राहिला नाही. त्याच्या दृष्टीने तो शब्दसमूह म्हणजे खोट्या स्तुतीचे एक लांबलचक नाव आहे. लक्षणेचे असे अभिधेत रूपांतर होते आणि तेही आकलनाच्या नावाखाली.

येथे एक आक्षेप संभवतो. रूढ वाक्प्रचार प्रौढांच्या भाषेतही अभिधेसारखेच वापरले जातात. बोलणारा प्रत्येक वेळी हरभऱ्याचे शेत डोळ्यांपुढे आणत नाही. हा प्रश्न शास्त्रकारांनाही पडला होता. मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द दिला. कुश आणणारा हा व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ बाधित होऊन 'निपुण' हा अर्थ लक्षणेने येतो, असे त्याचे म्हणणे. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने ते मान्य केले नाही. व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ आणि शब्दाचा प्रत्यक्ष व्यवहारातील मुख्यार्थ यांत भेद करून 'निपुण' हाच त्याने 'कुशल'चा मुख्यार्थ मानला. हा वाद बालवाचकाच्या संदर्भात उद्बोधक ठरतो. प्रौढाच्या दृष्टीने जे विश्वनाथाच्या पक्षाला गेले आहे, ते बालकाच्या दृष्टीने अद्याप मम्मटाच्याच पक्षात असते. शिक्षकाला वाक्प्रचाराची प्रतिमा दिसेनाशी झालेली असते. मुलाला ती प्रथमच दिसत असते. वर्गातील हशा या अंतरातून उद्भवतो.

३.

बालकाला लाक्षणिक भाषा मुळातच कळत नाही, असा एक समज आहे. तो टिकणारा नाही. काठीवर बसून 'हा माझा घोडा' म्हणणारे तीन-चार वर्षांचे मूल एका वस्तूला दुसरीचे नाव देतच असते आणि ती काठी आहे, हेही त्याला ठाऊक असते. 'सगळा वर्ग हसला' किंवा 'ताट वाढले' यांसारख्या सादृश्येतर संबंधांवरील प्रयोगांतही मुले सहसा अडखळत नाहीत. अडचण येते ती इतरांनी योजलेल्या आणि मनोधर्मांविषयी बोलणाऱ्या प्रयोगांत.

सॉलोमन अॅश आणि हॅरिएट नर्लोव्ह यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोड, कठीण, थंड अशा अर्थाची, वस्तू आणि माणूस या दोहोंना लावली जाणारी इंग्रजी विशेषणे घेतली होती. मुले प्रथम त्यांचा भौतिक अर्थच जाणतात. पुढे माणसाविषयीचा अर्थही शिकतात, पण तो एक स्वतंत्र शब्द असल्याप्रमाणे. या दोन अर्थांमधील नाते त्याहूनही उशिरा उलगडते. मम्मटाच्या परिभाषेत सांगायचे तर दोन्ही अर्थ हाती आले तरी 'योग' हाती येत नाही. वाक्प्रचारांची यादी मुलाला नेमकी या मधल्या अवस्थेत रोखून धरते.

एलन विनर, अॅन रोझेन्स्टील आणि हॉवर्ड गार्डनर यांच्या १९७६ च्या अभ्यासात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना रूपकात्मक वाक्यांचा अर्थ विचारण्यात आला. तुरुंगाचा पहारेकरी कठीण दगड झाला, अशा आशयाच्या वाक्यावर लहान मुलांपैकी काहींनी जादूने त्याचा दगड झाल्याची कथा रचली, तर काहींनी पहारेकरी आणि दगड यांना शेजारी ठेवणारा प्रसंग कल्पिला. काहींनी त्याचे अंग टणक असल्याचे सांगितले. त्याच्या स्वभावाचा कठोरपणा प्रामुख्याने मोठ्या मुलांनी ओळखला. ही 'चुकीची' उत्तरे तपासण्याजोगी आहेत. जादूची कथा रचणाऱ्या मुलाला माणूस दगड होत नाही, हे कळले आहे. म्हणून तर त्याला जादूची गरज भासली. त्याला बाध झाला आहे, योग सापडलेला नाही. टणक अंग सांगणाऱ्याला योगही सापडला आहे, फक्त तो भौतिक पातळीवर थांबला आहे. पुढील काळातील अभ्यासांनी पुरेसा कथासंदर्भ पुरवल्यास याहून लहान मुलेही लक्ष्यार्थापर्यंत पोहोचतात, असे दाखवले. तेव्हा वय हा एकच निर्णायक घटक मानता येत नाही.

४.

रूढी आणि प्रयोजन हा मम्मटाचा भेद अध्यापनाच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. प्रयोजनवती लक्षणा तर्काने उलगडता येते. मुलाला सिंह म्हटले, तर सिंहाचे कोणते गुण मुलात संभवतात, याचा शोध विद्यार्थी स्वतः घेऊ शकतो. रूढीचे तसे नाही. तेथे समाजाचा पूर्वानुभव माहीत असावा लागतो. 'अटकेपार झेंडा लावणे' हा प्रयोग घ्या. १७५८ मध्ये मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या, हे ज्याला ठाऊक नाही त्याला 'अटक' म्हणजे पोलिसांनी केलेली अटकच वाटणार. 'पानिपत होणे' १७६१ च्या रणसंग्रामावाचून कळत नाही. 'अळवावरचे पाणी' हा प्रयोग ज्याने अळवाच्या पानावरून न भिजवता ओघळणारा थेंब पाहिला आहे त्याला सहज कळतो. इतरांना तो सांगावा लागतो.

यातून एक सामाजिक प्रश्न उपस्थित होतो. हरभऱ्याचे रोप दीड-दोन फुटांचे असते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. शहरी मुलाला सांगावे लागते. अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातील मुलाला प्रमाण मराठीतील कित्येक रूढी अपरिचित असतात. त्याच्या बोलीत त्याच आशयाचे वेगळे प्रयोग असतात, पण ते विचारले जात नाहीत. अशा मुलाचे अज्ञान हे परिसराच्या भेदाचे फळ असते. ते बुद्धिमांद्य समजले गेले, तर मूल प्रश्न विचारणे सोडते आणि पाठांतराकडे वळते. लाक्षणिक अर्थाच्या अध्यापनातील खरी हानी हीच होय.

विपरीत लक्षणेच्या बाबतीत ही हानी अधिक बोचरी असते. गिचमिड वही पाहून शिक्षक 'वा, काय सुंदर अक्षर!' म्हणतात. हसू लागलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद वर्गाच्या हशाने मावळतो. उपरोध कळण्यासाठी शब्दार्थ पुरत नाही. वक्त्याच्या मनात काय आहे, हे ताडावे लागते आणि ही क्षमता सावकाश विकसित होते. शिकवलेली नसलेली गोष्ट अशा वेळी शिक्षेसारखी वापरली जाते.

५.

या विवेचनातून अध्यापनाचा क्रम सुचतो. प्रथम मुख्यार्थ पूर्णपणे उभा करावा. पालथ्या तांब्यावर पाणी ओतून दाखवावे, अळवाचे पान वर्गात आणावे, मुलांना 'हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस' चितारू द्यावा. ते चित्र हास्यास्पद निघाले, तर उत्तमच. बाध त्या हास्यातच आहे. त्यानंतर हे खरे असू शकेल काय, आणि नसेल तर बोलणाऱ्याने असे का म्हटले असेल, हे विचारावे. मग योग शोधू द्यावा : चढणाऱ्याला वाटते आपण उंचावर गेलो, प्रत्यक्षात झाड त्याचा भार घेत नाही आणि उंची तर मिळतच नाही. खोट्या स्तुतीने फुगलेल्याची स्थिती हीच. कोशातील अर्थ सर्वांत शेवटी यावा आणि त्यासोबत मुलांच्या बोलीतील समानार्थी प्रयोगही फळ्यावर यावेत.

मराठी परंपरेला हा क्रम अपरिचित नाही. एकनाथांच्या भारुडांत विंचू, जोगवा, जोशी असे लौकिक विषय प्रथम आपल्या वाच्य रूपात रंगतात. श्रोता त्यात रमला की मगच अध्यात्मार्थ उलगडतो. विंचवाचा दंश ज्याला जाणवला नाही त्याला कामक्रोधाच्या दंशाचा अर्थ पोहोचणार नाही, ही जाण त्या रचनेमागे आहे. लोकपरंपरेतील कोडेही बाधाचाच खेळ आहे. अशक्य वाटणारे वर्णन पुढे ठेवून ते शक्य करणारा अर्थ शोधायला ते लावते. प्राथमिक वर्गांत वाक्प्रचारांच्या यादीपूर्वी कोड्यांना स्थान देणे त्यामुळे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

मूल्यमापनातही थोडा बदल पुरेसा आहे. अर्थ आणि वाक्यात उपयोग यांच्या जोडीला 'हा अर्थ कसा आला असावा?' असा एक प्रश्न ठेवावा आणि तर्क सुसंगत असल्यास उत्तर कोशाहून वेगळे असले तरी त्याला गुण द्यावेत. ज्या विद्यार्थ्याला शाळेत हा प्रश्न विचारला गेला, त्याच्यासाठी महाविद्यालयातील शब्दशक्तिविचार परक्या परिभाषेचे ओझे ठरणार नाही. हरभऱ्याच्या झाडाविषयी विचारलेल्या शंकेलाच शास्त्रात 'मुख्यार्थबाध' असे नाव आहे, हे त्याच्या सहज ध्यानात येईल.