अंगणातले चार्जिंग आणि जुनी इलेक्ट्रिक गाडी

संग्रामपूरला रेल्वे नाही. मुंबईची किंवा नागपूरची गाडी पकडायची तर शेगाव गाठावे लागते. मोठा दवाखाना खामगावात नाहीतर अकोल्यात, आणि जिल्ह्याचे काम बुलढाण्यात. शेगाव तीसेक किलोमीटर, खामगाव पन्नासच्या घरात, अकोला सत्तर-पंचाहत्तर, बुलढाणा शंभराच्या आसपास. घरातल्या वर्षभराच्या फेऱ्या कागदावर मांडल्या, तर त्यातल्या बहुतेक याच टापूत संपतात: गजानन महाराजांचे दर्शन, वरवट बकालचा बाजार, लग्नाचा बस्ता, आजीची तपासणी, वसतिगृहातल्या मुलीला सुट्टीत घरी आणणे. सकाळी निघून रात्री घरी येणारा हा प्रवास आहे, आणि इलेक्ट्रिक गाडीला नेमका तोच मानवतो.

शिवाय इथे घराला अंगण असते आणि मीटर आपल्याच भिंतीवर असतो. मुंबई-पुण्याच्या इमारतीत राहणाऱ्याला चार्जर बसवण्यासाठी सोसायटीची मनधरणी करावी लागते. ती कटकट तालुक्याच्या गावात नाही. अडचण येते ती किमतीची. म्हणूनच जुन्या, म्हणजे वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीचा विचार इथल्या कुटुंबाने गांभीर्याने करावा असे आज म्हणता येते. मात्र पेट्रोल गाडी पारखायची नजर इथे पुरत नाही.

आधी एक खुलासा. प्लग लावून चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी प्लग-इन हायब्रिड भारतात प्रामुख्याने महागड्या परदेशी गाड्यांमध्येच मिळाली आहे. ग्रँड विटारा किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्या बाहेरून चार्ज करता येत नाहीत. त्यामुळे परवडणारी प्लगची गाडी म्हणजे आपल्याकडे पूर्ण इलेक्ट्रिकच.

पेट्रोल गाडीत इंजिन ऐकतात, सायलेन्सरचा धूर बघतात, चेसिसखाली वाकून पाहतात. इलेक्ट्रिक गाडीत मोटर सहसा त्रास देत नाही. सगळा पैसा बॅटरीत असतो आणि ती बदलायची वेळ आली तर खर्च लाखांत जातो. बॅटरी वयाने झिजते, चार्जिंगच्या फेऱ्यांनी झिजते आणि उष्णतेने सर्वात लवकर झिजते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या वऱ्हाडात हा शेवटचा मुद्दा पहिला धरायला हवा.

त्याचा धडा जगाला अमेरिकेत मिळाला. निसानची लीफ डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातल्या लीफ-मालकांना गाडीच्या पडद्यावरच्या क्षमतेच्या पट्ट्या एकेक करून कमी होताना दिसू लागल्या. गाड्या तर दोन वर्षांच्याही नव्हत्या. तक्रारी वाढल्यावर निसानने बॅटरीच्या क्षमतेसाठी ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांची वेगळी हमी दिली. फिनिक्सचा उन्हाळा आणि अकोला-संग्रामपूरचा उन्हाळा यांच्या आकड्यांत फार अंतर नाही. थंड प्रदेशात तीच लीफ बरी चालली, हेही लक्षात घ्यावे.

आपल्या बाजारातल्या गाड्यांकडे या नजरेने पाहिले की निवड बरीच सोपी होते. टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली. तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, द्रवाने थंड होणारी. ऑगस्ट २०२१ मध्ये २६ किलोवॅट-तासांची नवी टिगोर ईव्ही आणि सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही त्याच पद्धतीने आल्या. टियागोत १९.२ आणि २४ किलोवॅट-तास असे दोन प्रकार आहेत. कुटुंबाने २४ चाच शोधावा. सिट्रोएन ईसी३ ऐसपैस आहे, तिची बॅटरी २९.२ किलोवॅट-तासांची आहे, पण ती हवेने थंड होते, म्हणून आपल्या भागात तिची तपासणी जास्त काटेकोर हवी. एमजी कॉमेट २०२३ ची. ती दोन मोठी माणसे आणि दोन मुलांपुरती ठीक; चौघे प्रौढ सामानासह अकोल्याला जाणार असतील तर तिचा नाद सोडावा.

खरा सावधपणा हवा तो फार स्वस्त मिळणाऱ्या गाडीबाबत. महिंद्राची ई-टू-ओ २०१३ ची. अशा गाडीची बॅटरी आज वयाने थकलेलीच असणार. टाटाच्या पहिल्या टिगोर ईव्ही आणि टॅक्सीसाठीच्या सुरुवातीच्या एक्स्प्रेस-टी गाड्यांची बॅटरी लहान आहे, आणि त्यांचे जलद चार्जिंग जुन्या भारत डीसी-००१ पद्धतीचे आहे. महामार्गावरचे आजचे चार्जर बहुतेक सीसीएस-२ प्लगचे असतात, ते या गाड्यांना लागतच नाहीत. ब्लूस्मार्ट या टॅक्सी कंपनीची सेवा एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली. तिच्या ताफ्यात एक्स्प्रेस-टी मोठ्या संख्येने होत्या. टॅक्सी कंपनीचा ताफा मोडला की गाड्या जुन्या बाजारात येतात. अशी गाडी ओळखायची खूण नंबर प्लेटवर असते: खासगी इलेक्ट्रिक गाडीची प्लेट हिरवी आणि अक्षरे पांढरी, टॅक्सीची प्लेट हिरवीच पण अक्षरे पिवळी. दिवसाला दोन-दोनदा जलद चार्ज झालेली बॅटरी स्वस्तात मिळाली तरी कुटुंबाने घेऊ नये.

कंपनीच्या माहितीपत्रकातला पल्ला प्रयोगशाळेतला असतो. टियागोच्या २४ किलोवॅट-तासांच्या गाडीला ३१५ किलोमीटर सांगितले गेले; एसी लावून, घरची माणसे बसवून, आपल्या रस्त्यांवर साधारण १८० ते २०० धरावेत. अकोला जाऊन-येऊन त्यात बसते. बुलढाण्याला जाऊन यायचे तर तिथे किंवा खामगावात थोडा वेळ चार्ज करण्याची तयारी ठेवावी. नेक्सॉनच्या ३०.२ ला थोडी जास्त मुभा मिळते.

बॅटरी पारखायची एक पद्धत मात्र कोणालाही घरच्या घरी करता येईल. बॅटरीचा एक किलोवॅट-तास म्हणजे महावितरणच्या बिलावरचा एक युनिट. गाडी २० टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी, मीटरचा आकडा लिहून घ्यावा आणि रात्रभर १०० टक्के चार्ज करावी. घरातला इतर वापर शक्य तितका बंद ठेवावा. २४ च्या बॅटरीत ८० टक्के म्हणजे १९ युनिट भरायचे, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर २१-२२ दिसायला हवेत. १७ च दिसले तर बॅटरीची साधारण पाचवा हिस्सा क्षमता गेली आहे असे समजावे. विक्रेता एक रात्र गाडी द्यायला तयार नसेल, तर त्याच्या घरी हीच मोजणी करावी. याच्या जोडीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल मागावा. उत्तम सांभाळलेली तीन वर्षांची बॅटरी ९० टक्क्यांच्या वर असावी.

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत आलेला पूर इथले लोक विसरलेले नाहीत. पाण्यात उभी राहिलेली गाडी रंगरंगोटी करून विकली जाते, आणि इलेक्ट्रिक गाडीत ते जास्त महागात पडते. आयपी-६७ दर्जाची बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते असे मानले जाते. रात्रभर पुरात राहण्याची ती हमी नव्हे. सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाला गाळाची रेघ आहे का ते पाहावे, गालिच्याखाली हात घालावा, विम्याच्या दाव्याचा इतिहास मागावा.

घरची तयारी गाडी येण्याआधी करायची. १५ अँपिअरच्या वेगळ्या पॉइंटवर टियागोची मोठी बॅटरी भरायला साधारण ८-९ तास लागतात, म्हणजे रात्र पुरते. त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, एमसीबी आणि नीट अर्थिंग हवे. गावाकडे अर्थिंगची हेळसांड सर्रास होते आणि अर्थिंग नसेल तर अनेक गाड्या चार्जच होत नाहीत. घराचा मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा. दुपारी उन्हात तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. रात्री निवल्यावर लावावी, उभी मात्र सावलीत करावी.

खर्चाचे गणित सरळ आहे. महिन्याला १,००० किलोमीटरला साधारण १५० युनिट लागतात. युनिटला १० रुपये धरले तर १,५०० रुपये. वापर ३०० युनिटांपुढे जाऊन दर चढला आणि १५ रुपये धरले तरी २,२५०. तेवढ्याच प्रवासाला लिटरला १७ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी, १०५ रुपये लिटरने, सहा हजारांवर जाते. छतावर पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचे सोलर बसवले तर ७८,००० रुपये अनुदान मिळते आणि महिन्याला सुमारे ३५० युनिट तयार होतात.

किंमत ठरवताना जुन्या मालकाने किती मोजले हे विचारात घेऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने नव्या नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत आणि टियागो ईव्हीची ७० हजारांपर्यंत उतरवली. म्हणून घासाघीस आजच्या नव्या गाडीच्या दराशी ताडून करावी. टाटाच्या या गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तिथपर्यंत हमी असते. काही नव्या गाड्यांची जास्त मुदतीची हमी फक्त पहिल्या मालकाला लागू आहे, तेव्हा दुसऱ्या मालकाला काय मिळते ते लेखी घ्यावे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र. बॅटरी भाड्याच्या योजनेत घेतलेली असेल तर तिचाही हिशेब मिटलेला हवा. दुसऱ्या आरटीओची गाडी आपल्या आरटीओत आणायची तर फॉर्म २८, शिवाय नेहमीचे २९ आणि ३०. चार्जिंगची केबल, दोन्ही चाव्या आणि मोबाइल ॲपचे खाते हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.

दर महिन्याला पुण्याला गाडीनेच जाणाऱ्या कुटुंबाने ही खरेदी तूर्त टाळावी. बाकीच्यांसाठी २०२२ ते २०२४ ची, द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीची, सीसीएस-२ प्लगची, पांढऱ्या अक्षरांच्या प्लेटची आणि किमान चार वर्षे हमी शिल्लक असलेली गाडी ही संग्रामपूरसारख्या गावात आज चांगली खरेदी आहे.