पश्चिमेला निघालेलं विमान पूर्वेकडे!

चिकलठाणा विमानतळावरून प्रवासी जेट विमान ताशी साधारण २५० किलोमीटर वेगाला जमीन सोडतं. बाहेर जालना रोडवर सिग्नलला उभा असलेला रिक्षावाला मात्र पृथ्वीबरोबर त्याच्या सहापट वेगाने फिरत असतो! विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर. आपल्या २० अक्षांशाजवळ १,५७०, आणि तोही पूर्वेकडे. म्हणजे मुंबईकडे ताशी ७०० ने निघालेलं विमान पृथ्वीच्या अक्षाच्या हिशेबाने पूर्वेलाच ८७० ने सरकत असतं. आहे की नाही गंमत? हे जाणवत नाही, कारण शरीराला वेग कळत नाही. कळतो वेगातला बदल, ब्रेक दाबल्यावर धक्का बसतो तसा. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग तर सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर. त्या वेगाने मुंबई दहा सेकंदांच्या आत!