शेक घेतल्यावर तोंड कोरडं का पडतं?



तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर आता आपल्या गावांना नवा राहिलेला नाही. तंबाखू, गुटखा आणि आपल्या बायकांची मशेरी ही त्याची मोठी कारणं. या आजारात बऱ्याच जणांना रेडिएशन घ्यावं लागतं. कोणी त्याला 'शेक' म्हणतं, कोणी 'लाईट'.

उपचार संपतो, गाठ जाते, बाई घरी येते. पण भाकरीचा घास घशाखाली उतरत नाही. रात्री चार वेळा पाण्यासाठी उठावं लागतं. घरचे म्हणतात, "आता बरी झालीस ना, मग जेवायला काय होतंय?" बायांनो, हे नखरे नाहीत. तिच्या लाळेच्या ग्रंथींना इजा झालेली असते. ती कशी होते आणि आपल्या हातात काय आहे, ते नीट समजून घेऊ.

लाळ कुठून येते?

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. पहिली कानाच्या पुढे-खाली. गालगुंड झाल्यावर सुजते तीच. दुसरी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आतून शेकडो बारीक ग्रंथी असतात. या सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात.

कानाजवळच्या ग्रंथी पाण्यासारखी पातळ लाळ देतात, तीही जास्त करून जेवताना. जबड्याखालच्या ग्रंथी एरवी दिवसभर तोंड ओलं ठेवतात. लाळ घास भिजवते, चव जिभेला पोचवते, तोंडातला आंबटपणा मारते, जंतूंना आवरते आणि दातांची झीज भरून काढते. लाळ गेली की ही सगळी कामं थांबतात.

शेकाने ग्रंथींचं काय होतं?

किरण पेशीच्या आत शिरून तिचा वाढीचा आराखडाच तोडतात. त्यामुळे कॅन्सरची पेशी मरते. पण वाटेत चांगल्या पेशीही येतात. सावकाश वाढणाऱ्या पेशींना किरणांचा त्रास सहसा उशिरा जाणवतो. लाळेच्या पेशी मात्र याला अपवाद आहेत. त्या सावकाश वाढतात, तरी पहिल्या एक-दोन आठवड्यांतच लाळ निम्म्यावर येऊ शकते.

त्यातही पातळ लाळ बनवणाऱ्या पेशी आधी बंद पडतात. चिकट लाळ बनवणाऱ्या थोडा तग धरतात. म्हणून सुरुवातीला लाळ पाकासारखी तार धरते, थुंकली तरी तुटत नाही.

पुढच्या काही महिन्यांत दुसरं नुकसान दिसतं. नव्या पेशी जन्माला घालणाऱ्या मूळ पेशी कमी होतात. घरात जपलेलं बियाणंच जळालं तर पुढचं पीक कुठून येणार? तसंच हे. ग्रंथीच्या रक्तवाहिन्याही खराब होतात आणि मऊ भागाच्या जागी वणासारखा घट्टपणा येतो.

किती नुकसान होईल हे डोसवर ठरतं. किरणांचं माप 'ग्रे'. तोंड-घशाच्या कॅन्सरला बहुतेक वेळा 60 ते 70 ग्रे देतात. आठवड्याचे 5 दिवस, असे 6 ते 7 आठवडे. कानाजवळच्या ग्रंथीला सरासरी 25-26 ग्रेपेक्षा कमी डोस मिळाला, तर ती वर्ष-दोन वर्षांत बरीच सावरू शकते. त्याहून खूप जास्त मिळाला, तर कोरडेपणा कायमचा राहू शकतो.

ग्रंथी वाचवता येतात का?

बऱ्याचदा येतात. 'आयएमआरटी' नावाच्या पद्धतीत किरणांचा जोर गाठीवर जास्त आणि ग्रंथीवर कमी ठेवता येतो. ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निकाल 2011 साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर तोंडाचा कोरडेपणा त्रासदायक राहिलेले रुग्ण जुन्या पद्धतीत 100 पैकी 74 होते, आयएमआरटीत 38. गाठ ग्रंथीला चिकटूनच असेल तर मात्र ग्रंथी वाचवता येत नाही. जीव आधी, लाळ नंतर. म्हणून कोरडेपणाच्या भीतीने शेक नाकारू नका आणि मध्ये सोडू नका. खाडे झाले की उपचाराचा गुण कमी होतो.

पहिल्या शेकाआधी दात दाखवा

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात. आणि शेकानंतर किडका दात काढला, तर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही, हाड सडू शकतं. हा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो. म्हणून खराब दात शेक सुरू होण्याच्या साधारण दोन-तीन आठवडे आधीच काढून घ्यावा लागतो. नंतर कधीही दात दुखला, तर डेंटिस्टला "मी शेक घेतलाय" हे आधी सांगा.

घरी काय करायचं?

- ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून पाच-सहा वेळा हलक्या चुळा भरा. पाणी गिळू नका.
- पाण्याची बाटली कायम जवळ ठेवा. घोट-घोट प्या.
- भाकरी दुधात किंवा डाळीच्या पाण्यात कुस्करून द्या. मऊ भात, पातळ खिचडी, नाचणीची पेज, मऊ उकडलेलं अंडं चालतं. ठेचा, लोणचं, चिंच, लिंबू, पापड, चिवडा नको.
- तोंड ओलं राहावं म्हणून साखरेच्या गोळ्या चघळू नका, दात जातील.
- मऊ ब्रश वापरा. फ्लोराइडची पेस्ट कोणती घ्यायची ते डेंटिस्टला विचारा.
- मशेरी, तंबाखू, दारू पूर्ण बंद. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच.
- तोंडात पांढरा थर आला, गिळता येईना किंवा वजन उतरायला लागलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. कोरडेपणावर औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

गटाने काय करायचं?

बाहेरून मशीनने शेक घेतलेल्या बाईच्या अंगात किरण राहत नाहीत. तिच्याजवळ बसा, तिच्या मांडीवर लेकरू द्या. तिच्यापासून कुणाला काही होत नाही.

रोजच्या जाण्या-येण्याच्या खर्चापायी कुणाचा शेक अडत असेल, तर अंतर्गत कर्जाचा विचार गटाने बैठकीची वाट न बघता करावा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आणि रेडिएशन येतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशन कार्ड आणि आधार कार्ड दाखवून विचारा.

शेक सुरू होण्याआधी डॉक्टरांना हे तीन प्रश्न नक्की विचारा. कागदावर लिहून न्या:

1. माझ्या लाळेच्या ग्रंथी वाचवता येतील का?
2. इथे आयएमआरटी आहे का आणि ते योजनेत बसतं का?
3. दात तपासायला कधी आणि कुठे जाऊ?

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचून दाखवा. आणि ज्यांच्या तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरलेली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा आहे, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, त्यांनी लाजू नका. आशाताईंना सांगा आणि तोंड तपासून घ्या. आजार लवकर सापडला तर काही वेळा शेकाची गरजही पडत नाही.